ससाण्याची पाठ

अंबडला, मागच्या शेडमध्ये,
आठवा ससाणा अजून मातीचाच आहे.
तपकिरी माती, भट्टीतून काढली की घटकाभर लोण्यासारखी,
मग साबणासारखी.
मी तिच्यावरून पोलादी पट्टी ओढतो,
वळलेले पापुद्रे पायाशी पडतात.

सदतीस वर्षं एकच गाडी.
सोयरे विचारतात, म्हणजे नक्की केलंत काय?
काय सांगू.
दुसऱ्या वेळी दिवे अर्धं बोट आत ओढले.
मग बंपर अंगातच जिरवला, त्याला चार वर्षं गेली.
पाचव्या ससाण्याबद्दल बोलू नका.
पाचव्याचे डोळे आम्ही चौकोनी केले होते,
आणि गंगापूर रोडला एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी
आपला जुना ससाणा थांबवून, काच खाली करून विचारलं,
"निवृत्ती, हे कोणाच्या घरचं पोर आणलंस रे?"
सहाव्याला परत गोल केले.
माफी कोणी मागितली नाही.

वडील तांबट आळीत हंडे ठोकायचे.
घरोघरी नळ आले तशी त्यांनी हंड्याची मान आखूड केली,
तोटीखाली बसावा म्हणून,
वर्षाला सूतभर.
गिऱ्हाइकाला पत्ता लागला नाही.
आईच्या कमरेला लागला.
"आता टेकत नाही नीट," एवढंच म्हणाली,
आणि वडिलांनी आठवडाभर कोणाशी न बोलता
हंड्याच्या पोटाला नवा घाट दिला.

गेल्या मंगळवारी पुण्याहून खरवंडीकर आले.
पडद्यावर चित्र: नुसत्या धारा,
नाक कुऱ्हाडीचं, पाठ जवळजवळ नाहीच.
म्हणाले, लोक कंटाळलेत.
इंजिन गेलं, बॅटरी आली, तीही तळाला,
मग एवढं लांब बोनेट कोणासाठी?
प्रश्न खरा होता.
मी चहा संपवला.

मग शर्वाणीने
(दोन वर्षं झाली तिला इथे, नखं कायम मातीने भरलेली)
सातही ससाण्यांच्या बाजू पातळ कागदांवर उतरवल्या,
एकावर एक ठेवल्या
आणि ट्यूबलाइटसमोर धरल्या.
नाकं हलली होती. चाकं फुगली होती. छपरांचं एकमत नव्हतं.
सगळं धूसर, हललेल्या फोटोसारखं,
आणि त्यात एकच रेष कुळकुळीत काळी:
दाराच्या मागच्या कडेपासून शेपटीच्या दिव्यापर्यंत,
उतरता उतरता मध्येच जराशी थबकते
आणि मग उतरते.

"ही कोणी ठरवली?" खरवंडीकरांनी विचारलं.
शेडमध्ये पंखा तेवढा बोलत होता.

कोणी नाही.
सत्त्याऐंशीचा मे, रात्रीची लाइट गेलेली,
मी नवखा, हातात काळी टेप,
भिंतीवरच्या कागदावर कंदिलाच्या उजेडात पाठ आखत होतो.
घामाने अंगठा सरकला.
सकाळी दुरुस्त करणार होतो.
सकाळी मोठे साहेब माझ्या आधी आले,
कागदासमोर बराच वेळ उभे राहिले,
म्हणाले, हिला हात लावायचा नाही.

हे मी खरवंडीकरांना सांगितलं नाही,
तुम्हाला सांगतोय.
त्यांना म्हणालो, पाठ ठेवा. नाकाचं बोलू.

नाक चार बोटं गेलं. जाऊ दे.
पण बॅटरीने बूड वर आणलं आणि पाठ बसकी दिसायला लागली,
म्हणून काल सगळे गेल्यावर
ती रेष मी दोन मिलिमीटर उचलली,
थबक्यासकट.

आज शर्वाणी आली,
बॅग खांद्यालाच, डोळे मिटून
दारापासून मागे तळवा फिरवत गेली.
थबक्यापाशी थांबली.
"काका, काल इथे कोणी होतं का?"

नाव निवृत्ती, मार्चमध्ये खराच होणार.
मी पट्टी तिच्यापुढे धरली.
म्हटलं, डावी बाजू राहिलीय,
भट्टीतली माती काढ आधी,
निवतेय.